घोडामैदान जवळ येण्यापूर्वी

माथेरानचे नाव निघाले की लाल मातीचे रस्ते, नेरळहून वळणे घेत डोंगर चढणारी छोटी गाडी आणि घोडे या तीन गोष्टी हमखास आठवतात. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० साली या पठाराकडे सरकारचे लक्ष वेधले आणि १९०७ साली येथे रेल्वे पोहोचली. मधली पन्नासहून अधिक वर्षे डोंगर चढण्यासाठी पाय, पालखी किंवा घोडा यांचाच आधार होता. आजही खासगी मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवरील या गावात घोडा ही केवळ हौसेची बाब नाही. कित्येक कुटुंबांची चूल त्याच्या चार पायांवर पेटते.

दिवाळी, नाताळ आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत मुंबई-पुण्याचे पालक मुलांसाठी अश्वारोहण शिबिरांची चौकशी करतात. शुल्क किती, राहण्याची सोय कशी, शिरस्त्राण मिळेल का, हे प्रश्न विचारले जातात. ज्याच्या पाठीवर मूल बसणार तो घोडा या कामासाठी तयार आहे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. खरे तर शिबिराची सुरक्षितता बऱ्याच अंशी याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. थकलेला घोडा अडखळतो, दुखावलेला घोडा लाथ झाडतो आणि पाठ दुखणारा घोडा स्वाराला खाली उतरवण्याची युक्ती शोधतो. घोड्याची तंदुरुस्ती कशी घडते, त्यासाठी किती काळ लागतो आणि ती कशी ओळखावी, याची माहिती म्हणूनच घोडेमालक, शिबिराचे आयोजक आणि पालक या तिघांनाही उपयोगी पडणारी आहे.

पावसाळ्यात काय घडते?

जून ते सप्टेंबर या काळात माथेरानवर मुसळधार पाऊस पडतो. शनिवार-रविवारी भिजण्याच्या हौसेने येणारे पर्यटक सोडले, तर घोड्यांचे काम एकदम मंदावते. हिरवे गवत मुबलक, मेहनत कमी, अशा अवस्थेत घोडा वरवर पाहता गुटगुटीत दिसतो. हा गुटगुटीतपणा फसवा असतो. मांडीचे व पाठीचे स्नायू सैलावलेले असतात, पोट सुटलेले असते आणि तंगाखालची व खोगिराखालची कातडी मऊ पडलेली असते. सतत ओल्या चिखलात उभे राहिल्याने खूर नरम होतात आणि खुराच्या तळाशी असलेल्या खाचांमध्ये कूज धरते. तिचा उग्र, कुबट वास पाय उचलताक्षणी जाणवतो.

त्यातच विश्रांतीनंतरचा पहिला गर्दीचा आठवडा दिवाळीत येतो. पंधरा-वीस दिवसांत वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा गाठीला बांधण्याची ती वेळ असते. कालपर्यंत उभा असलेला घोडा त्या दिवशी एकदम सकाळपासून संध्याकाळपर्यंत कामाला जुंपला जातो. हंगामाच्या आरंभी उद्भवणाऱ्या अनेक लंगड्या पायांचे आणि पाठीवरच्या जखमांचे मूळ या एकाएकी बदलात असते.

दम आधी, पाय नंतर

घोड्याच्या तंदुरुस्तीविषयी सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याच्या शरीराचे सर्व भाग एकाच वेगाने तयार होत नाहीत. नियमित व्यायाम सुरू केल्यावर हृदय व रक्ताभिसरण दोन-तीन आठवड्यांतच सुधारणा दाखवू लागते. स्नायूंना त्याहून अधिक काळ लागतो. स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे आणि सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांची मजबुती काही महिन्यांत वाढते. हाड सर्वांत सावकाश बळकट होते.

शिवाय निसर्गाने घोड्याला एक देणगी दिली आहे. त्याच्या प्लीहेत तांबड्या रक्तपेशींचा मोठा साठा असतो. घोडा धावू लागला की प्लीहा आकुंचन पावते आणि हा साठा रक्तात मिसळतो. रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता काही क्षणांत वाढते. म्हणूनच सराव सुटलेला घोडाही पहिल्या काही मिनिटांत उत्साहाने उधळतो. मालकाला वाटते, जनावर तयार आहे. परंतु पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली घोड्याला स्नायू जवळजवळ नसतातच. तेथे सारा भार कंडरे, अस्थिबंध आणि हाड यांवर येतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दम भरून येतो, घोडा जोर करू लागतो, आणि नेमके तेव्हाच त्याचे पाय त्या जोराला पुरेसे पडत नाहीत. दुखापतीचा धोका याच टप्प्यावर अधिक असतो. 'दमला नाही' याचा अर्थ 'तयार झाला' असा नव्हे, हे सूत्र लक्षात ठेवावे.

रोज चालणारा घोडा शिबिराला पुरेल का?

पर्यटकांना पॉइंट दाखवणारा घोडा दिवसभर चालतो, मग त्याला वेगळ्या तयारीची गरज काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. दोन्ही कामांत फरक आहे. दस्तुरी नाक्यापासून बाजारपेठेपर्यंत किंवा तेथून शार्लोट लेक, एको पॉइंट, पॅनोरमा पॉइंटकडे जाताना घोडा बहुतांशी चालत असतो, मधूनमधून थांबतो आणि घोडेवाला त्याच्यासोबत असतो. शिबिरात त्याला वर्तुळात फिरावे लागते, वारंवार थांबून पुन्हा निघावे लागते आणि बराच वेळ दुडक्या चालीने जावे लागते. दुडकीत नवशिका स्वार तालावर उठबस करू शकत नाही; तो खोगिरावर आपटत राहतो आणि तोल सावरण्यासाठी लगाम ओढतो. त्याचा मार घोड्याच्या पाठीला व तोंडाला बसतो. लहान वर्तुळात फिरताना पायांवर तिरका ताण येतो, तो वेगळाच. म्हणजेच चालण्यात तरबेज असलेला घोडाही शिबिराच्या कामाला नवखा असू शकतो.

आरंभ तपासणीने

व्यायामाला हात घालण्यापूर्वी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. प्रौढ घोड्याची विश्रांतीतील नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वसन ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे सकाळच्या शांत वेळी सलग काही दिवस मोजून लिहून ठेवावेत. पुढे बिघाड ओळखण्याचे तेच परिमाण ठरते.

पावसाळ्यानंतर 'सर्रा' या रोगाकडे विशेष लक्ष हवे. रक्तातील सूक्ष्म परजीवीमुळे होणारा हा रोग चावऱ्या घोडमाशांमार्फत पसरतो. ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली अविभाजित पंजाबात या परजीवीचा शोध लावला. येणारा-जाणारा ताप, चारा खाऊनही वजन उतरणे, पायांवर व पोटाखाली सूज ही त्याची लक्षणे होत. असा घोडा 'आळशी झाला' म्हणून त्याला अधिक पळवणे धोक्याचे ठरते. ग्लँडर्स हा दुसरा गंभीर रोग माणसालाही होऊ शकतो, त्यावर घोड्यांमध्ये उपचार केले जात नाहीत. म्हणून शिबिरासाठी निरनिराळ्या ठिकाणचे घोडे एकत्र आणण्यापूर्वी त्यांची रक्तचाचणी आवश्यक आहे. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो. त्याची लस वेळेवर दिलेली असावी. विष्ठा तपासून जंताचे औषध द्यावे आणि दाढांच्या टोकदार कडा घासून घ्याव्यात. दाढ बोचत असेल तर घोडा चंदी सांडतो आणि लगाम घेताना मान झटकतो. पुष्कळदा त्याला हट्टी समजून मार दिला जातो.

गणपती ते दिवाळी: आठ आठवड्यांचा क्रम

गणेश चतुर्थी ते लक्ष्मीपूजन हा काळ साधारणपणे आठ आठवड्यांचा असतो. मागील हंगामात नियमित काम केलेल्या निरोगी घोड्याला दिवाळीच्या शिबिरासाठी सज्ज करण्यास तो पुरेसा आहे. वेळ, चढ, वजन आणि वेग या चार गोष्टींपैकी एका वेळी एकच वाढवायची, हे या क्रमाचे मुख्य तत्त्व.

पहिला व दुसरा आठवडा: फक्त चाल. पहिल्या आठवड्यात पाठीवर स्वार न घेता हाताने धरून २० ते ३० मिनिटे सपाट रस्त्यावर चालवावे. दुसऱ्या आठवड्यात खोगीर घालून ही वेळ ४५ मिनिटांपर्यंत न्यावी. आठवड्यातून पाच-सहा दिवस काम, एक दिवस विश्रांती. या दिवसांत पाऊस सुरूच असतो; निसरड्या उतारावर जाऊ नये.

तिसरा व चौथा आठवडा: हलका, अनुभवी स्वार बसवून तासभर दमदार चाल. सौम्य चढ घ्यावेत. चौथ्या आठवड्यात दोन-तीन मिनिटांची दुडकी, मग पाच मिनिटे चाल, असे तीन-चार फेरे करावेत. घोडा उड्या मारू लागला तरी या टप्प्यावर वेग वाढवण्याचा मोह टाळावा.

पाचवा व सहावा आठवडा: दुडकीचे फेरे पाच-सहा मिनिटांचे करावेत. चढावर चालण्याचे प्रमाण वाढवावे. चढामुळे वेग न वाढवताही हृदयाला आणि मागच्या मांड्यांना भरपूर व्यायाम मिळतो. माथेरानसारख्या ठिकाणी ही सोय दाराशीच आहे. उतार मात्र नेहमी चालीनेच उतरावा. सपाटीवर उभ्या असलेल्या घोड्याचा सुमारे साठ टक्के भार पुढच्या पायांवर असतो. उतारावर तो आणखी पुढे सरकतो.

सातवा आठवडा: शिबिराची रंगीत तालीम. मोठ्या वर्तुळात दोन्ही दिशांनी काम, थांबणे-निघणे, इतर घोड्यांच्या मागे अंतर राखून चालणे, अनोळखी व्यक्ती दोन्ही बाजूंनी चढणे-उतरणे, मुलांचा गलबला या सर्वांची सवय करावी. शिबिरात दौड शिकवणार असतील, तरच मऊ व सपाट जमिनीवर एक-दोन मिनिटांची दौड द्यावी. उन्हाळी शर्यतींमुळे परिचित असलेल्या ऑलिंपिया मैदानासारखी मोकळी मातीची जागा अशा कामाला योग्य. दगडी किंवा फरसबंद रस्ता कदापि नव्हे.

आठवा आठवडा: काम निम्म्यावर आणावे. या आठवड्यात नवे खोगीर, नवी चंदी किंवा नवा व्यायाम यांपैकी काहीही सुरू करू नये. शेवटच्या चार दिवसांत राहिलेली मेहनत भरून काढणे म्हणजे वरातीमागून घोडे होय. त्याने तंदुरुस्ती वाढत नाही, थकवा मात्र वाढतो.

तीन-चार महिन्यांहून अधिक काळ उभा असलेला, वयस्क किंवा पूर्वी लंगडलेला घोडा असेल तर हा अवधी दुप्पट धरावा आणि पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच पुढे जावे. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेला अननुभवी घोडा नाताळच्या शिबिरात मुलांखाली देणे सर्वथा अयोग्य आहे. त्याचा विचार फार तर मे महिन्यासाठी करावा.

नाडी काय सांगते?

घोड्याची प्रगती नजरेने ठरवण्यापेक्षा नाडीने ठरवणे अधिक विश्वसनीय. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेवरून जाणारी रक्तवाहिनी बोटांनी चाचपावी किंवा डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावावा. पंधरा सेकंदांचे ठोके मोजून चारने गुणावे. काम संपताच, पाच मिनिटांनी आणि पंधरा मिनिटांनी अशी तीन वेळा नोंद करावी. पंधरा मिनिटांच्या आत नाडी ६४ च्या खाली आली, श्वास सावकाश झाला आणि घोडा चाऱ्याकडे वळला, तर दिलेले काम त्याला पेलले असे समजावे. नाडी चढीच राहिली तर दुसऱ्या दिवशी काम वाढवू नये, कमी करावे. तेवढ्याच कामानंतर नाडी दर आठवड्याला अधिक लवकर उतरू लागणे हीच तंदुरुस्ती वाढल्याची खूण.

नाडी हृदयाविषयी सांगते, पायांविषयी नाही. म्हणून रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी चारही पायांवरून हात फिरवावा. एखाद्या पायाला अधिक ऊब, सूज किंवा दाबताच अंग चोरणे आढळले, तर त्या दिवशी विश्रांती द्यावी. कठीण जमिनीवर सरळ रेषेत दुडकी चालवून पाहिल्यास पुढच्या पायाचा लंगडेपणा डोक्याच्या झोल्यावरून कळतो: दुखरा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो.

चारा, चंदी आणि पाणी

घोड्याचे पचन चाऱ्यासाठी घडलेले आहे, धान्यासाठी नव्हे. दिवसाला शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के सुका आहार लागतो. त्यांपैकी किमान दीड टक्का चारा हवाच. तीनशे किलोच्या घोड्याला याप्रमाणे रोज निदान साडेचार किलो वाळलेले गवत लागते. ताज्या पावसाळी गवतात बहुतांशी पाणीच असते, त्यामुळे तेवढाच कस मिळण्यासाठी ते वीस किलोंहून अधिक खावे लागते. ओलसर जागी साठवलेल्या गवताला बुरशी येते आणि त्या धुळीने खोकला जडतो. असे गवत स्वस्त पडले तरी महागच.

हरभरा, जव, ओट यांची चंदी काम वाढल्यानंतर वाढवावी, आधी नव्हे. एका वेळी दीड किलोपेक्षा अधिक चंदी न देता ती दोन-तीन वेळांत विभागावी आणि कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. एकाएकी केलेल्या बदलातून पोटशूळ उद्भवतो आणि घोड्यात तो जीवघेणा ठरू शकतो. केवळ गव्हाच्या कोंड्यावर भिस्त ठेवू नये. कोंड्यात स्फुरद जास्त व कॅल्शियम कमी असल्याने दीर्घकाळात हाडे ठिसूळ होतात.

विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी करावी. भरपूर चंदी खाऊन उभा राहिलेला घोडा दुसऱ्या दिवशी कामाला लावला की कधी कधी त्याच्या मांड्यांचे स्नायू आखडतात, तो पाऊल टाकेनासा होतो आणि लघवी गडद तपकिरी होते. युरोपात सोमवारी सकाळी मालवाहू घोड्यांमध्ये हा विकार दिसे, कारण रविवारी त्यांना सुट्टी असे. असे झाल्यास घोड्याला एक पाऊलही चालवू नये. जागेवरच पशुवैद्यकाला बोलवावे.

पाणी दिवसाला २५ ते ३० लिटर, उन्हाळ्यात व कष्टाच्या दिवशी त्याहून पुष्कळ अधिक लागते. घोड्याच्या घामात क्षारांचे प्रमाण माणसाच्या घामापेक्षा जास्त असते, म्हणून चंदीतून रोज मूठभर साधे मीठ द्यावे. तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये किंवा त्याच्या अंगावर गार पाणी ओतू नये, ही समजूत जुनी असली तरी खरी नाही. कामानंतर त्याला घोट घोट पाणी पिऊ द्यावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे आणि सावलीत चालवावे.

नाल आणि खोगीर

खूर महिन्याला सुमारे सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून पुन्हा नालबंदी करावी लागते. शिबिरापूर्वीची नालबंदी आठ-दहा दिवस आधी उरकावी, म्हणजे एखादा खिळा वर्मी लागला असल्यास ते वेळेत ध्यानात येते. खुराच्या खाचा रोज साफ कराव्यात आणि घोडा कोरड्या जागी बांधावा.

रस्त्याचा पृष्ठभागही महत्त्वाचा. माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवण्यास घोडे घसरतात या कारणाने अश्वपालांनी विरोध केला आणि हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉकना मुभा दिली. अंतर्गत रस्त्यांवर व पायवाटांवर ते नकोत, असे सांगितले. व्यायामासाठी या मातीच्या वाटाच निवडाव्यात.

मराठीत निरुपयोगी भरण्याला 'खोगीरभरती' म्हणतात. खऱ्या खोगिरातली भरती मात्र फार उपयोगाची असते. पावसाळ्यात घोड्याच्या पाठीचा आकार बदललेला असतो, त्यामुळे जुने खोगीर आता मणक्यावर टेकत नाही ना, हे पाहावे. काम झाल्यावर खोगीर काढताच घामाचा ठसा तपासावा. सगळीकडे ओल आणि एखादाच ठिपका कोरडा, असे दिसले तर तेथे दाब जास्त पडतो आहे. पाठीवरचे पांढरे केस हे बहुधा जुन्या दाबाचे दाखले असतात. जखम असलेल्या पाठीवर जाड घडी घालून काम चालवणे ही क्रूरता आहे आणि धोकाही.

किती वजन, किती वेळ?

अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार देऊन त्यांची नाडी व स्नायूंचे दुखणे तपासले, तेव्हा २५ टक्क्यांपासून पुढे त्रासाची चिन्हे ठळक झाली. खोगिरासह वीस टक्के ही मर्यादा त्यामुळे व्यवहारात मानली जाते.

वजनकाटा नसला तरी अंदाज काढता येतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० म्हणजे किलोमधील वजन. घेर १५५ आणि लांबी १४५ असेल तर वजन सुमारे २९३ किलो येते. त्याचे वीस टक्के म्हणजे ५८ किलो. आठ किलोचे खोगीर वजा केल्यास स्वार पन्नास किलोंचा असावा. शाळकरी मुलांना हे घोडे योग्य ठरतात; ऐंशी किलोंच्या पालकांनी हौसेखातर त्यांवर बसू नये.

ओझ्याच्या व मालवाहू जनावरांसाठी केंद्र सरकारने १९६५ साली केलेल्या नियमांत तट्टूवरील ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग पाच तासांपेक्षा अधिक काम घेण्यास, तसेच तापमान ३७ अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन या वेळेत काम घेण्यास त्यांत मनाई आहे. माथेरानच्या झाडीत पारा सहसा इतका चढत नसला, तरी पायथ्याच्या नेरळ-कर्जत परिसरात एप्रिल-मे महिन्यांत तो सहज चढतो. ही कायद्याची कमाल मर्यादा झाली. नवशिक्यांच्या शिबिरात एका घोड्याला सकाळी एक व संध्याकाळी एक, अशी पाऊण पाऊण तासाची दोनच सत्रे द्यावीत. त्या दिवशी त्याच घोड्याला पर्यटकांच्या फेरीसाठी वापरू नये आणि आठवड्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

पालकांनी काय पाहावे?

घोड्याची पारख येत नसली तरी काही गोष्टी कोणालाही दिसू शकतात. बरगड्या उघड्या दिसत नाहीत, पण हाताला लागतात का? डोळे तजेलदार आणि नाकपुड्या कोरड्या आहेत का? चालताना डोके झोले घेते का? खोगीर ठेवताना घोडा कान मागे पाडतो किंवा चावायला वळतो का? खोगिराखाली किंवा तोंडाच्या कोपऱ्यात जखम आहे का? कडक दुपारी सत्र ठेवले आहे का? आयोजकाला 'हा घोडा गेले दोन महिने काय काम करत होता?' एवढा एकच प्रश्न विचारला, तरी उत्तरावरून बरेच काही समजते. नोंदवही दाखवणारा आयोजक भेटल्यास निश्चिंत व्हावे.

मुलाला पक्क्या पट्ट्याचे शिरस्त्राण आणि थोडी टाच असलेले बूट द्यावेत, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाऊन अडकण्याचा धोका टळतो. शिबिरातील खरारा, खूर साफ करणे, पाणी पाजणे ही कामे मुलांकडून आवर्जून करून घ्यावीत. घोड्याच्या पायावरून रोज हात फिरवणारे मूल त्याला यंत्र समजत नाही.

माथेरानमध्ये डिसेंबर २०२२ पासून ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला आणि ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. दस्तुरी नाका ते बाजारपेठ या वाटेवरचे घोड्यांचे काम यापुढे वाढण्याची शक्यता कमीच. घोड्यावर बसायला शिकवणे हे काम मात्र कोणतीही रिक्षा हिरावून घेऊ शकत नाही. अश्वपालाच्या पुढच्या पिढीला त्यात अधिक मानाचे व अधिक उत्पन्नाचे स्थान मिळू शकते. त्यासाठी गिऱ्हाईक चालत्या घोड्याचे नव्हे, तर तयार घोड्याचे पैसे देईल आणि आठ आठवड्यांच्या चंदीचा व मेहनतीचा खर्च त्या शुल्कात धरला जाईल, अशी घडी बसायला हवी. सर्वांत स्वस्त शिबिर निवडणाऱ्या पालकाने एवढे ध्यानात घ्यावे, की तेथे वाचवलेला पैसा बहुधा घोड्याच्या तयारीतूनच वाचलेला असतो.